सकाळची लोकल, रात्रीचा स्वयंपाक आणि व्यायामाचा नेम

प्रश्न असा आहे: "वय ४२, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. बदलापूरला राहते, नोकरी फोर्टमध्ये. सकाळी सातला घर सोडते, रात्री साडेआठला परत. सीएसएमटीला उतरून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी. घरी नवरा, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आली आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, रोज तासभर चाला, गोड आणि तळलेलं बंद करा. तीन वर्षांत तीनदा सुरुवात केली. एकदा जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि १९ दिवस गेले. डाएट महिनाभर टिकतं, मग सण येतो किंवा मुलांचं आजारपण निघतं आणि सगळं बारगळतं. माझ्यात चिकाटीच नाही का?"

ताई, आधी चिकाटीचं बोलू. जी बाई वर्षानुवर्षं पहाटे पाचला उठून चार डबे भरते, गर्दीच्या लोकलमध्ये उभी राहते आणि रात्री ओटा पुसून मगच आडवी होते, तिच्यात चिकाटी नाही हे मी कधीच मान्य करणार नाही. डोंबिवलीत मी २२ वर्षं आहारसल्ला देते आहे. येणाऱ्या बहुतेक जणी तुमच्यासारख्या, मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर आयुष्य बेतलेल्या. "मला जमत नाही" असं कोणी म्हणालं की मी विचारते, नेम मोडला त्या दिवशी नक्की काय झालं? उत्तरं ठरलेली असतात. गाडी उशिरा आली. मुलीला ताप होता. मार्चएण्ड होता. पाळी आली होती. यातल्या एकाही दिवशी ती बाई आळशीपणा करून लोळत पडलेली नसते.

मोडतो तो नेम आखतानाच चुकलेला असतो. रविवारी दुपारी, जरा निवांत बसून, आपण सोमवारपासूनचा बेत आखतो. त्यामुळे तो बेत रविवारसारख्या दिवसांना बसतो. तासभर चालणं हा असाच बेत आहे. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही, पण तो तास कुठून काढायचा हे कोणी सांगितलं नाही. म्हणून नेम ठरवताना मनात आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस आणा. पाऊस आहे, गाडी कळव्याला अर्धा तास अडकली आहे, घरी पोचायला साडेनऊ झालेत. त्या दिवशीही होईल एवढाच नेम बांधायचा. चांगल्या दिवशी जास्त झालं तर उत्तमच, पण मोजायचं ते तेवढंच.

सवय किती दिवसांत लागते, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास आहे, २००९-१० मधला. ९६ जणांनी रोज एक साधी गोष्ट करायची ठरवली होती, कुणी जेवणासोबत फळ खायचं, कुणी थोडं पळायचं. ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. म्हणजे '२१ दिवसांत सवय' हे जे सगळीकडे सांगतात, त्यावर विसंबून २२व्या दिवशी स्वतःला दोष देऊ नका. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी प्रत्येकीला सांगते: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात काही बिघडलं नाही. खंड पडणारच आहे. 'आता मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू' म्हणून गुरुवार ते रविवार सोडून देणं, यात खरं नुकसान होतं.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम हवा. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलं धरत नसत. २०२० मध्ये ती अट काढली. पाच मिनिटंही धरायची. तुमच्यासारख्यांसाठी ही मोठी सोय आहे आणि ती फार कमी लोकांपर्यंत पोचली आहे.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात मौल्यवान वाटली ती शेअर टॅक्सी. सीएसएमटीपासून फोर्टमधल्या ऑफिसला चालत बारा-तेरा मिनिटं लागतील. जाताना तेवढी, येताना तेवढी, आठवड्याचे पाच दिवस. झाली १२० ते १३० मिनिटं. आणि टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यात तुमचे पाच-सात मिनिटं तशीही जातात. चाल अशी हवी की शेजारणीशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. पावसाचं कारण इथे फारसं चालत नाही, सीएसएमटीसमोरच्या डी. एन. रोडला कमानींखालून बराच रस्ता कोरडा निघतो. एकच खर्च करा, चालायचे बूट. ऑफिसच्या चपला टेबलाच्या खणात ठेवायच्या. टाच दुखायला लागली की चालणं बंद पडतं, आणि पातळ सपाट चपलांनी ती दुखतेच.

एवढ्याशा चालण्याने काय होणार, असं तुम्हाला वाटेल. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. कोणीही जिमला जात नव्हतं. आणि तुमच्यासारख्या साखरेच्या काठावर, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्याच लोकांवर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. जेवणात बदल आणि रोजचं चालणं एवढ्यावर, साधारण अडीच वर्षांत, मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. त्या लोकांचं वजन विशेष उतरलं नव्हतं, तरी! म्हणून वजनकाटा हलत नाही असं दिसलं की चालणं सोडून देणाऱ्यांना मी हा अभ्यास आवर्जून सांगते.

आणि 'दहा हजार पावलं' डोक्यातून काढून टाका. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. तो आकडा तिथून आला.

चालण्याने दम वाढतो, पण तुमच्या वयाला स्नायू सांभाळणं जास्त निकडीचं आहे. पाळी जाण्याचा काळ जवळ येतो आहे, त्यानंतर हाडं आणि स्नायू दोन्ही झपाट्याने उतरतात. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात, आणि शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्या आणि कुल्ल्यांचे. त्यांना काम द्यायचं तर जिम नको, एक खुर्ची आणि कुकर पुरे.

कुकर लावल्यापासून तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद करेपर्यंत दहा-बारा मिनिटं जातात. त्यातली सहा मिनिटं मला द्या. स्वयंपाकघराच्या दारात, गॅसपासून लांब, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. उठताना हाताचा आधार नाही. बसताना धपकन बसायचं नाही, एक-दोन-तीन मोजत सावकाश टेकायचं, कारण खाली जातानाही स्नायूंना काम होतं. गुडघा कुरकुरत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग भिंतीपासून दोन पावलं मागे उभं राहून, हात भिंतीला टेकवून, दंड मारतो तसं छाती भिंतीकडे नेऊन परत यायचं, दहा वेळा. मग खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. पुन्हा पहिल्यापासून एक फेरी. तोवर शिट्टी होते.

दोन आठवड्यांत हे सोपं वाटायला लागेल. मग उठाबशा पंधरा करा, मग दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची भरलेली बाटली घ्या, नंतर दोन लिटरची. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. वाईट दिवशी पहिल्या दहा उठाबशा एवढाच तुमचा नेम. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

कुकरच का, तर घरात कुकर रोज लागतोच. व्यायामासाठी वेगळी वेळ ठरवली की ती वेळ कोणीतरी मागून नेतं. मुलाला शिकवणीला सोडायचं असतं, सासूबाईंची औषधं आणायची असतात. कुकरची वेळ कोणी मागत नाही.

गर्दीच्या लोकलमध्ये तासभर उभं राहणं हा मात्र व्यायाम नाही. त्याने पाय सुजतात आणि माणूस थकतो. परतीला बसायला जागा मिळाली तर मटार सोला, मेथी निवडा, नाहीतर डोळे मिटून घ्या. मी तर डोळे मिटाच म्हणेन. झोप कमी झाली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं कमी होतं. रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच झोप असेल, तर दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गोड खावंसं वाटणं हा दुबळेपणा नव्हे. झोपेची अर्धा तास जरी भर घालता आली तरी ती व्यायामाआधी घाला.

आता जेवण. माझ्या कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी छापील तक्ते देत असे. ओट्स, सॅलड, ग्रिल केलेलं पनीर. कल्याणच्या एक शिक्षिका महिन्याभराने आल्या, वजन तेवढंच. तक्ता त्यांनी फ्रिजवर नीट चिकटवला होता. म्हणाल्या, "मॅडम, पाच माणसांचं करून झाल्यावर माझ्या एकटीचं वेगळं करायला उभं राहायची ताकद उरत नाही." त्या दिवसापासून मी वेगळं शिजवायला सांगणं बंद केलं. घरात जे शिजतं त्यातच बदल करायचा, आणि तो सगळ्यांच्या ताटात करायचा.

तुम्ही लिहिलं नाही, पण तुमचा दिवस मी अंदाजाने सांगते. सकाळी चहा आणि उभ्याउभ्या काहीतरी. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा कोबीची भाजी. ऑफिसात तीन-चार चहा, बिस्किटं. संध्याकाळी स्टेशनवर वडापाव किंवा घरी पोचल्याबरोबर हाताला लागेल तो फरसाण. पावणेदहाला भात, पातळ वरण, उरलेली पोळी. यात प्रथिनं चाळीस ग्रॅमच्या आतच राहतात. आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था, यांच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम हवीत. ती कमी पडली की पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि हात बिस्किटाकडे जातो.

भर कशी घालायची? डब्यात पोळ्या तीनच्या दोन करा आणि मटकी, मूग, चवळी किंवा छोल्यांची घट्ट उसळ वाटीभर. भाजी आहेच. त्यातून सात-आठ ग्रॅम. दह्याची वाटी, चार-पाच ग्रॅम. अंडं चालत असेल तर दोन उकडलेली, बारा ग्रॅम. चालत नसेल तर सकाळी मुगाचं धिरडं किंवा भाजणीचं थालीपीठ. रात्रीचं वरण घट्ट करा, दोन वाट्या घ्या आणि भात एक वाटी. कडधान्य भिजवायचं विसरतं ही सगळ्यांची अडचण. रविवारी दोन प्रकारचं एकदम भिजवून, मोड आणून, दोन डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा, गुरुवारपर्यंत चालतं.

माझ्या अनुभवात सगळा खेळ संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत बिघडतो. दुपारी एकचं जेवण, मग थेट पावणेदहा. मधल्या आठ-नऊ तासांत शरीर खायला मागणारच, आणि ते मागतं तेव्हा समोर वडापावची गाडी असते. म्हणून दुसरा डबा. लहानसा, स्टीलचा, पर्समध्ये मावेल असा. त्यात मूठभर भाजलेले चणे, त्यात थोडे शेंगदाणे, सोबत एक पेरू किंवा सफरचंद. साडेपाचला, ऑफिस सोडायच्या आधी, बसून खायचा. लोकलमध्ये खाऊ म्हटलं तर राहून जातो. हा डबा सुरू केला की पंधरा दिवसांत रात्रीचं जेवण आपोआप कमी होतं, हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. बाकी काहीच जमलं नाही तरी हा डबा सोडू नका.

चहाचा हिशेब एकदा मांडून बघा. चार कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅमच्या आसपास. वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे वीस ग्रॅम. एकदम बंद करायला मी सांगत नाही. पंधरा दिवस दीड चमचा, मग एक, मग अर्धा. जिभेला कळतही नाही. ऑफिसच्या मशीनमधला चहा आधीच गोड असतो, त्याला मात्र काही करता येत नाही, तो सोडा.

तेलासाठी वाटी-चमच्याने मोजत बसू नका. महिन्याला घरात किती तेल येतं ते बघा. माणशी अर्धा लिटर धरा, पाच जणांना अडीच लिटर. त्याहून जास्त येत असेल तर कुठे जातं ते तुम्हालाच ठाऊक असेल.

उपवासाचं सांगायलाच हवं, कारण श्रावण आणि नवरात्र इथेच माझ्या अनेक जणींचा नेम सुटतो. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात प्रथिनं नावालाच, वर तूप आणि बटाटा. साखर काठावर असताना दोनदा खिचडी खाल्ली तर तो दिवस रोजच्यापेक्षा वाईट जातो. उपवास सोडा असं मी कोणाला म्हणत नाही, श्रद्धेचा भाग आहे तो. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ असा उपवास करा. दिवाळीचा फराळ जेवणाच्या जागी खा, जेवणावर नको. गणपतीत मोदक खा, दोन खा, आनंदाने खा, आणि त्या दिवशी भात सोडा. सणाच्या दिवसांत खाण्याकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी चालेल, फक्त त्या दहा उठाबशा आणि जेवणानंतरची दहा मिनिटांची फेरी सुटू देऊ नका.

ती फेरी सांगायची राहिली. रात्री जेवल्यावर लगेच आडवं न होता, सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं. जेवणानंतर चाललं की वाढणारी साखर कमी चढते, यावर चांगले अभ्यास आहेत. मुलीला सोबत न्या. दिवसभरात ती तुमच्याशी निवांत बोलत असेल अशी दुसरी वेळ मला तुमच्या वेळापत्रकात दिसत नाही. आणि तुम्ही दोघी खाली गेलेल्या असताना ओटा तसाच राहिला तर राहू द्या. किंवा, स्पष्टच बोलते, तो दहावीतला मुलगा आणि त्याचे बाबा आवरतील. तुमची साखर वाढली तर ती घरातली अडचण होणार आहे, मग तुमचे दहा मिनिटं काढणं हेही घराचंच काम आहे. हे नवऱ्याशी एकदा बसून बोला. रिपोर्ट समोर ठेवून बोला. "जरा मदत करत जा" म्हटलं की काही होत नाही. "सोमवार ते शुक्रवार रात्रीचा ओटा तुमचा" असं ठरवून सांगितलं की होतं.

एक गोष्ट सुरू करण्याआधीच करून घ्या. हिमोग्लोबिन, बी१२ आणि थायरॉईड तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या बाईला जिना चढला तरी धाप लागते, आणि ती स्वतःला आळशी म्हणत राहते. एकीचं हिमोग्लोबिन साडेआठ होतं आणि ती पहाटे सूर्यनमस्कार जमत नाहीत म्हणून रडत होती. आधी औषध, मग नमस्कार. रक्त खूप कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडाही नेहमी खरा धरता येत नाही, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. जेवणासोबत चहा घेत असाल तर तासभर पुढे ढकला, आणि उसळीवर लिंबू पिळा, लोह नीट अंगी लागतं. चालताना छातीत दडपण आलं, घेरी आली किंवा दम नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर थांबा आणि दाखवा.

पुढचे पंधरा दिवस फक्त दोन गोष्टी करा: सीएसएमटी ते ऑफिस पायी, आणि साडेपाचचा डबा. कुकरच्या उठाबशा तिसऱ्या आठवड्यापासून, चहाची साखर पाचव्यापासून, रात्रीची फेरी जेव्हा ओट्याचं ठरेल तेव्हा. घरात भिंतीवर तारखांचं कॅलेंडर असेलच, ज्यावर दूधवाल्याचे खाडे लिहितो ते. त्याच्यावरच चाललेल्या दिवशी टिंब द्या. खाडा झाला तर दुधासारखाच लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, आणि त्यापेक्षा कंबर मोजा. बेंबीपाशी टेप लावून, महिन्यातून एकदा. आपल्याकडच्या बायकांसाठी ती ८० सेंटिमीटरच्या आत असावी, पण पहिल्या तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर उतरली तरी मी खूश होईन. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका, तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो, आधी केलात तर तुमच्या कष्टांचं त्यात नीट दिसणार नाही. तो रिपोर्ट आला की कळवा, सोबत त्या कॅलेंडरच्या पानांचा फोटोही पाठवा, खाड्यांसकट.